शुद्धीवर आला, पण बरा झाला का?

आपल्या वस्तीत कुणाचे ऑपरेशन ठरले की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. खर्च किती येणार आणि डॉक्टर कोण? ऑपरेशन झाल्यावर तिसरा प्रश्न येतो, ‘शुद्धीवर आला का?’ ‘आला’ असे उत्तर मिळाले की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. निम्मे नातेवाईक चहा पिऊन घरी जातात. उरलेला एकजण वॉर्डात थांबतो, तोही बहुधा बाकड्यावर झोपी जातो.

खरे पाहता रुग्णाची परीक्षा तेव्हा कुठे सुरू झालेली असते. २७ देशांतील ४७४ रुग्णालयांनी मिळून केलेली एक मोठी पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. आधी ठरवून ऑपरेशन केलेल्या ४४,८१४ रुग्णांची तीत नोंद होती. त्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांना ऑपरेशननंतर काही ना काही गुंतागुंत झाली. कुणाला जंतुसंसर्ग झाला, कुणाच्या फुफ्फुसाला, तर कुणाच्या हृदयाला त्रास झाला. २०७ रुग्ण दगावले. म्हणजे दर सहा रुग्णांमागे एकाचे बरे होणे लांबले. याउलट, प्रकृती चांगली असलेल्या माणसाचा ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये केवळ भुलेमुळे मृत्यू होणे ही प्रगत देशांत लाखात एक अशी गोष्ट मानली जाते.

हा हिशेब नीट समजून घ्यावा. आपले लोक भितात ते भुलेला. ‘भुलेतून उठलाच नाही तर?’ ही भीती घरोघर आहे. जपायचे असते ते मात्र भुलेच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत. हे दिवस बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. नोकरी सांभाळून वस्तीतल्या रुग्णांबरोबर दवाखान्याच्या पायऱ्या चढणारे साधे कार्यकर्ते आहोत. जे वाचले, डॉक्टरांना विचारून समजून घेतले आणि वॉर्डात डोळ्यांनी पाहिले तेवढेच येथे मांडतो.

भूल म्हणजे काय?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रुग्णाला ईथरची वाफ हुंगवली आणि डॉ. जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ काढली. त्यापूर्वी ऑपरेशन म्हणजे चारचौघांनी रुग्णाला दाबून धरायचे आणि डॉक्टरांनी जमेल तेवढे लवकर उरकायचे, असा प्रकार होता. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधील एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. आपल्या देशातही या विषयावर मोठे काम झाले. क्लोरोफॉर्म किती सुरक्षित आहे हे तपासण्यासाठी १८८८-८९ च्या सुमारास हैदराबादेत निजामाच्या खर्चाने दोन आयोग बसले होते. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी यांनी भूल देण्याचे काम केले. जगातील अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

आज भुलेचे मुख्य प्रकार तीन. पहिली संपूर्ण भूल. हिच्यात शिरेतून औषध आणि नळीतून वायू देऊन रुग्णाला गाढ बेशुद्ध करतात आणि बहुतेक वेळा श्वासासाठी घशात नळी घालतात. दुसरी कमरेखालची भूल. हिच्यात पाठीच्या मणक्यांमधून बारीक सुईने औषध देतात. रुग्ण जागा असतो, पण कमरेखाली काही कळत नाही. तिसरी जागेपुरती भूल. हिच्यात हात, पाय किंवा डोळा एवढाच भाग बधिर करतात.

कोणती भूल द्यायची हे भूलतज्ज्ञ ठरवतात. ‘इंजेक्शन देऊन झोपवणारा’ एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे आहे. पण ऑपरेशन चालू असताना रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि अंगातली ऊब यांवर सतत नजर ठेवणारा माणूस तोच. २०२०-२१ च्या कोरोना काळात बोटाला लावायची चिमटी आपण सर्वांनी पाहिली. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या त्या यंत्राचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडले. त्या चिमटीने भूल पूर्वीपेक्षा पुष्कळच सुरक्षित केली.

भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका

अपघातात किंवा अडलेल्या बाळंतपणात विचार करायला वेळ नसतो. पण हर्निया, पित्ताशयातले खडे, गर्भपिशवी, मूळव्याध, पायातला रॉड काढणे, कुटुंब नियोजन अशा ऑपरेशनची तारीख आधी मिळते. हातात कधी आठ दिवस असतात, कधी महिना. हा काळ आपली माणसे पैशांच्या जुळवाजुळवीत घालवतात. पैसा लागतोच, पण शरीराचीही तयारी करावी लागते.

ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञ रुग्णाला तपासतात आणि प्रश्न विचारतात. तिथे आपली माणसे खोटे बोलतात, असे आम्ही वारंवार पाहिले आहे. सासऱ्यासमोर सून मिश्रीचे नाव घेत नाही. मुलासमोर बाप दारूचे कबूल करत नाही. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या खिशातून दुसऱ्या मिनिटाला चुन्याची डबी पडते. डॉक्टर रागावतील, ऑपरेशन पुढे ढकलतील, ही त्यामागची भीती असते. पण त्या खोट्याचा दंड रुग्णाच्या शरीराला भरावा लागतो. घरच्यांसमोर बोलायला लाज वाटत असेल तर त्यांना दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगा, पण खरे सांगा.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या छातीत कफ साठतो, ऑपरेशननंतर न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो आणि जखम भरायला उशीर लागतो. निदान चार आठवडे आधी बिडी सोडली तर हा धोका बराच कमी होतो. तेवढे दिवस हातात नसतील तरी सोडावीच. एक दिवस न ओढल्यानेही रक्तातला विषारी वायू कमी होतो.

गुटख्याचा त्रास वेगळा आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण तोंडाची वाट लागायची ती अनेकांची लागलेली आहे. गुटखा आणि सुपारी वर्षानुवर्षे चघळणाऱ्याच्या गालाची आतली कातडी आखडते, तोंड पुरते उघडत नाही. घरी त्याला भाकरीचा मोठा घास घेता येत नाही, एवढेच जाणवते. पण भूल देताना त्याच तोंडातून श्वासाची नळी घालायची असते. रुग्ण बेशुद्ध झाल्यावर तोंड उघडत नाही असे कळले तर भूलतज्ज्ञापुढे जिवावरचा प्रसंग उभा राहतो. आधी कळले तर तो दुसरा मार्ग तयार ठेवतो. म्हणून आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहावे आणि जात नसतील तर स्वतः होऊन सांगावे.

रोज दारू पिणाऱ्याने तर मुळीच लपवू नये. अशा माणसाला भुलेचे औषध कमी-जास्त लागू शकते. दारू एकदम बंद झाल्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, भ्रम होतो, कधी झटकेही येतात. डॉक्टरांना आधी ठाऊक असेल तर त्यावर औषध देता येते.

रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स, हृदयविकार यांच्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत. गावठी औषध, काढा, भस्म चालू असेल तर तेही सांगावे. यातली कोणती गोळी ऑपरेशनच्या दिवशी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कोणती थांबवायची, हे डॉक्टरांनाच विचारावे. हलणारा दात, कवळी, एखाद्या औषधाची ॲलर्जी, पूर्वी स्वतःला किंवा रक्ताच्या नात्यातल्या कुणाला भुलेत झालेला त्रास, हे सारे सांगण्याच्या यादीत येते.

रक्ताची तपासणी : आपल्या घरांशी संबंधित दोन गोष्टी

पहिली गोष्ट रक्त कमी असण्याची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजले जाते. रक्त कमी असताना ऑपरेशन झाले की थकवा लवकर जात नाही, जखम भरायला वेळ लागतो आणि बाहेरचे रक्त देण्याची पाळी येते. गर्भपिशवीच्या ऑपरेशनला आलेल्या कितीतरी बाया अंगावरून जास्त जाण्यामुळे आधीच पांढऱ्या पडलेल्या असतात. ऑपरेशन थांबण्यासारखे असेल तर महिनाभर लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोहाचे इंजेक्शन घेऊन रक्त वाढवता येते. ‘माझे हिमोग्लोबिन किती आहे आणि ते वाढवून मग ऑपरेशन केले तर चालेल का?’ हा प्रश्न प्रत्येक बाईने विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. हा जन्मतः येणारा रक्तदोष विदर्भातील आणि मध्य भारतातील आदिवासी समाजांत आणि आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणात आहे. नागपूर भागातील याविषयीचा शोधलेख ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच छापून आला होता. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तरीही पुण्या-मुंबईकडे कामासाठी आलेल्या अनेक विदर्भीय कुटुंबांची आजवर तपासणी झालेली नाही.

भुलेशी याचा संबंध काय? सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला, अंगातले पाणी कमी झाले किंवा अंग गार पडले की विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे आणि छाती असह्य दुखू लागते, फुफ्फुसालाही धोका होतो. ऑपरेशनच्या दिवशी रुग्ण उपाशी असतो, थिएटर थंडगार असते. म्हणजे ही तिन्ही कारणे एकत्र येण्याची भीती असते. आधी माहीत असेल तर डॉक्टर आधीपासून सलाईन लावतात, अंग उबदार ठेवतात, ऑक्सिजन चालू ठेवतात, गरज वाटल्यास ऑपरेशनपूर्वी रक्तही देतात. जो केवळ वाहक आहे त्याला सहसा त्रास होत नाही, तरी त्यानेही सांगावे. घरात कुणाला वारंवार सांधे दुखणे, कावीळ, रक्त कमी पडणे असे होत असेल तर ऑपरेशनच्या आधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. पहिली चाचणी साधी असते. ती दोषी आली तर इलेक्ट्रोफोरेसिस नावाच्या पुढच्या चाचणीने रुग्ण की वाहक ते कळते.

उपाशी किती राहायचे?

‘पोटात काही नको’ असे डॉक्टर सांगतात आणि घरातले आजी-आजोबा ‘लेकरू भुकेजले’ म्हणून हळूच बिस्कीट देतात. हे फार घातक प्रेम आहे. भुलेत घशाची राखण करणारी जाणीव जाते. पोटातले अन्न उलटून वर आले तर ते श्वासनलिकेत उतरते आणि फुफ्फुसाला इजा करते. यात माणसे दगावली आहेत.

दुसऱ्या टोकाचीही चूक होते. सकाळी ऑपरेशन म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, मग नंबर लागतो दुपारी तीनला. तोवर रुग्णाचा घसा कोरडा, डोके दुखणारे, अंग गळालेले. आजचा सर्वमान्य नियम असा आहे : हलके जेवण आणि दूध भुलेच्या सहा तास आधीपर्यंत, तेलकट-मांसाहारी जेवण आठ तास आधीपर्यंत, तान्ह्याला अंगावरचे दूध चार तास आधीपर्यंत आणि साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. दुधाचा चहा हा दुधातच धरावा, पाण्यात नव्हे. काही आजारांत हा नियम बदलतो. म्हणून ‘माझा नंबर कितीला आहे आणि पाणी केव्हापर्यंत चालेल?’ असे विचारून घ्यावे व सांगितलेली वेळ कागदावर लिहून ठेवावी.

पहिले चोवीस तास

ऑपरेशननंतर रुग्णाला काही वेळ थिएटरशेजारच्या खोलीत ठेवतात. तिथून वॉर्डात कधी न्यायचे हे ठरवण्यासाठी डॉ. आल्द्रेते यांनी १९७० साली एक गुणपत्रिका मांडली. हातपाय हलतात का, श्वास नीट आहे का, रक्तदाब कसा आहे, शुद्ध किती आहे आणि शरीराला ऑक्सिजन पुरतो का, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण. दहापैकी नऊ किंवा अधिक गुण मिळाले की रुग्ण तिथून हलवता येतो. म्हणजे ‘डोळे उघडले’ ही पाचातली एकच गोष्ट झाली.

वॉर्डात आल्यावर घसा खवखवणे, थंडी भरून येणे, मळमळणे, गुंगी राहणे हे होऊ शकते. घशाची खवखव नळीमुळे असते, ती बहुधा एक-दोन दिवसांत जाते. कुडकुडणाऱ्याला पांघरूण द्यावे आणि नर्सताईंना सांगावे. मळमळ-उलटी प्रतिबंधक औषध न दिल्यास दहापैकी सुमारे तिघांना होते. बायकांना ती जास्त होते आणि ज्यांना एस.टी.त उलटी होते त्यांना हमखास. हे आधीच सांगितले तर औषधही आधीच देता येते.

कमरेखालच्या भुलेनंतर पाय काही तास जड राहतात. घाईने उठू नये, पडण्याची भीती असते. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर लगेच कळवावे. बसल्यावर डोके भयंकर दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते, असे एक-दोन दिवसांत सुरू झाले तर ते सुईमुळे असू शकते. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगावे. आणि भगिनींनो, ‘पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर गेली’ हा समज मनातून काढून टाका. सुईच्या जागी थोडे दिवस दुखते. वर्षानुवर्षे राहणाऱ्या कंबरदुखीची कारणे वेगळी असतात. बाळंतपणे, वाकून उपसलेले पाणी, डोक्यावरची ओझी!

वेदना सोसण्यात मोठेपणा नाही. आपल्या बाया ‘एवढे तेवढे दुखायचेच’ म्हणून दात आवळून पडून राहतात. दुखण्यामुळे माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, चालत नाही. मग छातीत कफ साठतो आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे असह्य, असे धरून नर्सताईंना आकडा सांगावा. दुखणे कमी झाले की दर तासाला जागेपणी दहा वेळा खोल श्वास घ्यावा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा आधार घेऊन चालावे. पडून राहिल्याने जखम लवकर भरते हा जुना समज आहे. डेन्मार्कचे डॉ. हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकापासून दाखवून दिले की कमी उपवास, वेदनेवर योग्य औषध, लवकर खाणे आणि लवकर चालणे यांनी रुग्ण लवकर घरी जातो.

त्याच दिवशी घरी सोडले तरी चोवीस तास रुग्णाला एकटे ठेवू नये. त्याने गाडी चालवू नये, मशीनवर उभे राहू नये, दारूला शिवू नये. आणखी एक गोष्ट आम्ही कारकुनी अनुभवाने सांगतो. त्या दिवसात कोणत्याही स्टॅम्पपेपरवर, कर्जाच्या किंवा वाटणीच्या कागदावर सही-अंगठा करू नये. डोळे उघडे असले तरी डोके पुरते ताळ्यावर नसते.

वडीलधारी माणूस बडबडू लागले तर

साठीच्या पुढच्या माणसाला ऑपरेशननंतर कधी कधी भ्रम होतो. रात्री उठून बसणे, माणसे न ओळखणे, सलाईन ओढून काढणे, मेलेल्या माणसांशी बोलणे असे प्रकार होतात. मग घरात कुजबुज सुरू होते, ‘बाहेरचे लागले’. कुणी अंगारा आणतो, कुणी लिंबू उतरवतो. एका वॉर्डात उशाखाली बिब्बा ठेवलेला आम्ही स्वतः पाहिला. त्या आजोबांना ताप होता आणि लघवी तुंबली होती. नळी घालून औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत ते नातवाला नावाने हाक मारू लागले.

हा शरीराचा आजार आहे. जंतुसंसर्ग, ऑक्सिजन कमी पडणे, लघवी तुंबणे, वेदना, झोपमोड किंवा एखादे औषध अशी त्याची कारणे असतात. ती डॉक्टरांना शोधू द्यावीत. घरच्यांनी ओळखीचे एक माणूस सतत जवळ ठेवावे. आजोबांचा चष्मा, कानाचे यंत्र, कवळी शुद्ध आल्यावर लगेच परत द्यावी. आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे शांतपणे सांगत राहावे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या रुग्णांपैकी सुमारे २६ टक्क्यांची स्मरणशक्ती व एकाग्रता मोठ्या ऑपरेशननंतर आठवड्याने कमी झालेली आढळली. तीन महिन्यांनी हे प्रमाण १० टक्क्यांवर आले. म्हणजे बहुतेकांचे सुधारते, पण धीर धरावा लागतो. ‘म्हातारा कामातून गेला’ असे त्याच्यादेखत बोलू नये.

बरे झाल्याची खूण कोणती?

डॉक्टर टाके काढतात आणि केस पेपरवर शेरा मारतात. पण रुग्णाला स्वतःला काय वाटते? २०१३ साली ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञांनी यासाठी पंधरा प्रश्नांची एक यादी प्रसिद्ध केली. ती आज अनेक देशांत वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला दहा गुण, एकूण दीडशे. श्वास सहज घेता येतो का, जेवण गोड लागते का, झोप लागते का, अंघोळ-संडास स्वतःचे स्वतः करता येते का, घरच्यांशी बोलता येते का, नेहमीची कामे जमतात का, दुखते का, मळमळते का, काळजी किंवा उदास वाटते का, असा तिचा रोख आहे. जखमेएवढीच मनाची आणि रोजच्या जगण्याचीही त्यात चौकशी आहे.

हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. घरातल्या शाळकरी मुलीने वहीच्या एका पानावर रोज संध्याकाळी आईला हे विचारून लिहावे. आकडे रोज थोडे वाढत असतील तर गाडी रुळावर आहे. दोन दिवस उलटे घसरले तर डॉक्टरांकडे जाताना तीच वही दाखवावी. दम लागणे, छातीत दुखणे, एका पोटरीला सूज, ताप, जखमेतून पू, न थांबणारी उलटी, लघवी बंद होणे, पायांत कमी न होणारा बधिरपणा किंवा नव्याने आलेला भ्रम, यांपैकी काहीही दिसले तर वहीही नको नि तपासणीची तारीखही नको. त्याच क्षणी दवाखाना गाठावा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करावा.

विश्रांती कुणाला परवडते?

आमच्या ओळखीच्या एका हमालाने हर्नियाच्या ऑपरेशननंतर नवव्या दिवशी पोते उचलले. घरात पीठ नव्हते. हर्निया पुन्हा झाला आणि ऑपरेशनही पुन्हा झाले. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नळावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाया तर प्रत्येक वस्तीत दिसतील. डॉक्टर ‘जड उचलू नका’ म्हणतात, पण हंडा कुणी भरायचा हे सांगत नाहीत. ते नवऱ्याने, सासूने, दिराने आणि मोठ्या मुलाने मिळून ठरवायचे असते, आणि तेही ऑपरेशनची तारीख घेतानाच.

ज्यांना ईएसआय लागू आहे त्यांनी आपला हक्क सोडू नये. आवश्यक तेवढी वर्गणी भरली असेल तर आजारपणात, डॉक्टरांच्या दाखल्यावर, सरासरी मजुरीच्या ७० टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनसाठी तर पूर्ण मजुरीचा भत्ता आहे. स्त्रीला १४ दिवस, पुरुषाला ७ दिवस. हा लाभ असूनही दाखला वेळेवर न नेल्यामुळे अनेकांचा पैसा बुडतो. उपचाराच्या खर्चासाठी राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली आणि २०१७ पासून या नावाने चालते. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्रा’ला भेटावे आणि आपले ऑपरेशन यादीत आहे का ते भरती होण्यापूर्वीच विचारावे.

ज्यांच्या हाताला रोजचा रोज तेवढी मजुरी, त्यांना कोणताच भत्ता नाही. त्यांच्यासाठी बचत गटांनी आणि महिला मंडळांनी पुढे यावे. पंधरा दिवसांचा किराणा आणि पाळीपाळीने दोन हंडे पाणी, एवढे केले तरी एक माणूस पूर्ण बरा होऊन कामावर जातो. लग्नाच्या मांडवाला वर्गणी काढणाऱ्या वस्तीला हे जड नाही.

विचारायला घाबरू नका

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी एक तपासयादी तयार केली. भूल देण्यापूर्वी, चिरा देण्यापूर्वी आणि थिएटर सोडण्यापूर्वी रुग्णाचे नाव, ऑपरेशनची जागा, ॲलर्जी, सामानाची मोजदाद हे मोठ्याने विचारून ताडून पाहायचे. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. नुसते विचारण्याने एवढा फरक पडला. डॉक्टर एकमेकांना विचारतात, तर रुग्णाने विचारण्यात कमीपणा कसला?

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते आपल्या भाषेत समजावून मागा. भूल कोणती देणार, भूलतज्ज्ञ कोण, नंतर काय त्रास होऊ शकतो, पाणी केव्हा द्यायचे, कामावर केव्हा जायचे, रात्री काही झाले तर कुणाला गाठायचे, हे सहा प्रश्न कागदावर लिहून न्या. वाचता येत नसेल तर शिकलेला पोर सोबत घ्या. कुणी खेकसले तरी शांतपणे पुन्हा विचारा.

हा लेख कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवावा, अशी आमची विनंती आहे. घरात ऑपरेशनची तारीख आली की काढून वाचावा, आणि शेजारच्या घरी तारीख आली असेल तर त्यांनाही वाचून दाखवावा.